फळीवरची बाटली

माझी साक्ष ऐकून ज्यांनी क्षयाच्या गोळ्या सोडल्या असतील, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचावं. मी प्रार्थनेनं बरा झालो असं मी आमच्या ख्रिस्ती मंडळीत उभं राहून सांगितलं. हट्टा, साखरा अशा गावांना जाऊन सांगितलं, जिथं बोलावलं तिथं जाऊन सांगितलं. ते खरं नव्हतं. मी गोळ्यांनी बरा झालो आणि त्या गोळ्या लपून खाल्ल्या. तुम्ही सोडल्या असतील तर आजच दवाखान्यात जा. किती दिवस चुकले ते डॉक्टरला खरं सांगा. ते रागावतील. रागावू द्या.

बाकीचं मी सावकाश लिहितो. माझं वय झालं आहे आणि ज्याला हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तो आता ऐकू शकत नाही.

दुकान

वारंगा फाट्यावर माझं सायकलचं दुकान आहे. पत्र्याची टपरी, समोर बाभळीच्या सावलीत पंप आणि पंक्चर शोधायची पाण्याची पाटी. लोक मला मिस्त्री म्हणतात. फाट्याजवळच्या वस्तीत आमची थोडी ख्रिस्ती घरं आहेत आणि पत्र्याचं छप्पर असलेलं प्रार्थनामंदिर आहे. पाळक साहेब कळमनुरीहून महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे. बाकीचे रविवार मी चालवायचो, कारण मी मंडळीचा वडील होतो. समोरच्या लाकडी खुर्चीत बसायचं, गीत सुरू करून द्यायचं, प्रार्थना करायची, कुणाला पापाची कबुली द्यायची असली तर ती ऐकायची, हे वडिलाचं काम.

पण माझी खरी प्रार्थना दुकानात चालायची. डगडगणारं चाक सरळ करायचं तर सायकल उलटी ठेवून ते हळूहळू फिरवावं लागतं. एक तार कसायची, एक सैल सोडायची. हात गुंतलेले आणि मन मोकळं. तेव्हा मी म्हणायचो, "बापा, सकाळपासून एकच पंक्चर झालंय बघ." किंवा, "बापा, रूथ आज बोलून नाही राहिली, काय चुकलं माझं?" रूथ म्हणजे माझी बायको. उत्तर यायचं असं मी म्हणत नाही. पण कुणीतरी शेजारी बसून ऐकतंय हे मला ठाऊक असायचं, जसं पाठ फिरवूनही घरात माणूस आहे हे कळतं तसं.

पुढं माझं काय गेलं ते कळावं म्हणून हे आधी सांगितलं.

खिडकीत धरलेला फोटो

दुष्काळ संपला त्यानंतरच्या हिवाळ्यात मला संध्याकाळचा ताप यायला लागला. पंप मारताना मध्येच थांबावं लागे. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. रूथ म्हणाली, "खोकला पावसाळ्यातच जायला पायजे होता. चला, मी येते संगं." दोन बस बदलून आम्ही मिशनच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मला माझ्या बरगड्या दिसल्या आणि वरच्या बाजूला धूर कोंडल्यासारखं काहीतरी.

"क्षय आहे," डॉक्टर म्हणाले. "बरा होतो. पण मी सांगेपर्यंत औषध थांबवायचं नाही. थोड्या दिवसांनी तुम्हाला बरं वाटायला लागेल. मला भीती वाटते ती त्याच दिवसांची."

रूथनं एकच विचारलं, "ताट येगळं करायचं का?"

"ताटापेक्षा खोकला सांभाळा. तोंडावर फडकं धरायचं, उघड्यावर थुंकायचं नाही."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या पुढच्या बाकावर जाऊन बसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पहिला थांबा गेला, माणसं चढली, आणि ती उठून माझ्या शेजारी आली. "तिकडं ऊन येतंय," म्हणाली. ऊन माझ्याच बाजूला होतं.

दोनेक महिने मी दवाखान्यात राहिलो. सकाळी सुई, मग दूध, मग झाकणाचा डबा घेऊन बसायचं. शेजारच्या खाटेवर सेनगावकडचा एक बौद्ध शेतमजूर होता. तो मला म्हणायचा, "मिस्त्री, तुमच्या देवाचं वजन असंल तर सांगा त्याला, उद्याची सुई जरा बारीक धाड." हसलो की दोघांनाही खोकला यायचा, आणि खोकला आला की नर्सबाई ओरडायच्या. त्यानं आपलं औषध शेवटपर्यंत घेतलं. मागं एकदा फाट्यावर भेटला, चांगला भरला होता. मला म्हणाला, "तुमी बी पुरं घेतलं ना?" मी होय म्हणून मान हलवली.

घरी सोडताना रोजच्या गोळ्या दिल्या. बाटली आपली आपण न्यायची असायची. रूथनं खोबरेल तेलाची एक काचेची बाटली धुऊन, उन्हात वाळवून दिली होती.

सण

पीक घरी आलं की आमच्यात उपकारस्तुतीचा सण होतो. ज्याच्या शेतात जे आलं त्यातलं पहिलं तो मंदिरातल्या टेबलावर आणून ठेवतो. ज्वारीची कणसं, भोपळे, कापसाची बोंडं, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. मग त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. ज्याला शेत नाही तो आपल्या धंद्यातलं काही ठेवतो. मी दरवर्षी सायकलची एक नवी ट्यूब ठेवायचो.

त्या वर्षी मला खूप बरं वाटत होतं. ताप गेला होता, सदरा पुन्हा अंगाला लागत होता. गोळ्यांनी मात्र तोंड कडू व्हायचं आणि सकाळी उमासे यायचे. आदल्या दिवशी गावोगाव प्रवचन देत फिरणाऱ्या एका सुवार्तिकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. गोळ्या सोड असं तो म्हणाला नव्हता. ते त्याच्यावर ढकलू नये. ते मला सुचलं.

लोक एकेक करून टेबलापाशी जात होते. माझी पाळी आली तेव्हा मी खिशातून ती तेलाची बाटली काढली. अर्ध्याहून जास्त भरलेली होती. ती मी कणसांमध्ये ठेवली आणि वळून सगळ्यांना म्हणालो, "ज्यानं मला बरं केलं त्याला हे देतो. आजपासून गोळी बंद."

मंदिरात असं गीत उठलं की पत्रे वाजले. मला रडू आलं. त्या घटकेला मी खोटं बोलत नव्हतो, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

लिलावात भोपळे गेले, कोंबड्या गेल्या. बाटली हातात आली तशी पाळक साहेब अडखळले. "ही आपण बाजूला ठेवू."

"काहून बाजूला?" मागून याकोब ओरडला. "टेबलावर ठिवलं ते लिलावाचं. माझे आठ आणे!"

याकोब माझा लहानपणापासूनचा सोबती. रस्त्याच्या सरकारी गँगवर मैलकुली होता, खड्डे भरायचं काम. सणाच्या दिवशी त्याच्याशिवाय लिलावाला रंग चढायचा नाही.

"तुला काय करायच्या रे गोळ्या?" कुणीतरी म्हणालं.

"आठ आण्यात चार अंडी आली असती," बायकांच्या बाजूनं त्याची बायको मार्था म्हणाली, आणि सगळे हसले.

"अंडी खाऊन संपतेत," याकोब म्हणाला. "ही मी घरात ठिवीन. देवानं माझ्या मिस्त्रीचं काय केलं त्याची निशाणी."

त्यानं ती बाटली घरी नेली आणि भिंतीतल्या फळीवर ठेवली. खाली त्याची बाज होती.

पाटीतलं पाणी

उन्हाळा लागला होता. एका ट्रकवाल्याच्या पोराच्या सायकलची ट्यूब मी पाण्याच्या पाटीत धरली होती आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहत वाकलो होतो. खोकला आला. तोंडात लोखंड चाटल्याची चव आली. पाण्यात लाल तार पसरत गेली. मी पाटी उलटी केली आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, "पाणी गढूळ झालंय."

तोवर माझी साक्ष माझ्यापुढं धावत होती. लोक आजारी लेकरं घेऊन दुकानावर यायचे. मिस्त्रीच्या हाताला गुण आहे असं म्हणायचे. मला ते आवडायचं. यापेक्षा चांगलं कारण मला आजही सापडत नाही. माझ्या मनात मी त्याला मोठं नाव दिलं होतं. मी म्हणायचो, मी पुन्हा गोळी धरली तर लोक म्हणतील देवानं बरं केलं नव्हतं. देव खोटा पडेल. देवाला खोटं पाडायचा मला काय अधिकार?

रूथनं फडक्यावरचं रक्त पाहिलं तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. तिनं फडकं चुलीत टाकलं आणि ते पुरं जळू दिलं. मग म्हणाली, "देवाची लाज राखता का सोताची?"

मी हिंगोलीला गेलो, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं. सामान आणायला जातो असं सांगून दर महिन्याला जायचो. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा सगळं सुरू केलं. म्हणाले, "एकदा सोडून पुन्हा धरलंत. नशीब आहे तुमचं, औषध अजून लागू पडतंय." गोळ्या मी कागदात गुंडाळून दुकानातल्या छर्ऱ्यांच्या डबीत ठेवायला लागलो. सायकलच्या चाकात आसाभोवती बारीक पोलादी गोळ्या घालतात, ते छर्रे. ग्रीसनं माखलेल्या त्या डबीत माझ्याशिवाय कुणी हात घालत नसे.

छर्रे

याकोब आला तेव्हा दुपार होती. सायकल ढकलत आला, बाभळीला टेकवली आणि बराच वेळ नुसता उभा राहून धापा टाकत होता.

"सांजचा ताप येऊन राहिला," तो म्हणाला. "गँगवर फावडं उचलवत न्हाई. मुकादम म्हणतो, याकोबा, तू खड्डा भरतो का खड्ड्यात बसतो?"

मी त्याच्या सदऱ्याकडं पाहिलं. खांद्यावरून ओघळला होता. त्याच्या घरात, त्याच्या बाजेवर शेजारी बसून मी किती वेळा गीतं म्हटली होती तेही मला आठवलं. त्याला हे कुठून लागलं ते मला कुणी सांगायला नको होतं.

"दवाखान्यात दाखव," मी म्हणालो.

"तू गेलतास का परत?"

डबी माझ्या उजव्या हाताशी होती. हिंगोलीहून आणलेल्या गोळ्या तिच्यातच होत्या. मी फक्त झाकण काढायचं होतं. बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग मला काहून धाडतो? माझा देव येगळा हाय का?" तो हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला. "बरं ते जाऊ दे. पुढच्या चाकात छर्रे टाकून दे. कटकट करून राहिलंय."

"छर्रे संपलेत."

"संपलेत?" त्यानं टपरीत डोकावलं. "मिस्त्रीकडं छर्रे न्हाईत. मग काय भजे तळतो का इथं बसून?"

तो सायकल हातात धरून परत गेला. ते चाक वस्तीकडं वळेपर्यंत वाजत होतं. डबी तशीच होती. मी त्या दिवशीची गोळी संध्याकाळी घेतली.

दुसऱ्याचा पश्चात्ताप

याकोब दवाखान्यात गेला नाही. मी गोळ्या सोडल्या होत्या, त्यानं धरल्याच नाहीत. आम्ही त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करायचो, त्याच्या कपाळाला तेल लावायचो. तो सुकत गेला. ती बाटली फळीवर होती. डोळे मिटायच्या आधी माझी नजर तिच्याकडं जायची, आणि उघडल्यावर पुन्हा तिच्याकडंच.

एका रविवारी त्यानं स्वतःला बैलगाडीतून मंदिरात आणायला लावलं. दोघांनी धरून त्याला पुढं बसवलं. मी खुर्चीत होतो.

"मला कबुली द्यायची हाय," तो म्हणाला. "मिस्त्रीला देवानं बरं केलं. त्यानं हाक मारली आन देवानं ऐकली. मी रोज हाक मारून राहिलो, मला ऐकत न्हाई. म्हणजे माझ्यात काही हाय. मी धुंडलं. गँगवरचं डांबराचं एक पिंप मी घरी नेलं व्हतं. पिंप कापून त्याचा पत्रा छपराला ठोकला. ते सरकारचं व्हतं." त्यानं दम घेतला. "मार्थावर मी एकदा हात उचलला व्हता, थोरलं पोरगं गेलं त्या साली. तिचा बी मी अपराधी हाय."

मार्था खाली बघत होती. बायका रडत होत्या.

"मिस्त्री," तो मला म्हणाला, "तू वडील हायस. तुझं देव ऐकतो. इचार त्याला, अजून काय राहिलं माझं? मला सापडंना."

त्या वेळी मी उठून बोललो असतो तर कदाचित तो वाचला असता. वाचला नसता तरी शांतपणे गेला असता. मी उठलो. मी म्हणालो, "देव क्षमा करतो, याकोबा." मग मी मोठ्यानं प्रार्थना केली. नंतर कितीतरी लोकांनी मला सांगितलं की तशी प्रार्थना त्या मंदिरात कधी झाली नव्हती. माझा आवाज चांगला लागला होता. माझ्या फुप्फुसातली जखम भरत आली होती.

पुढं काही दिवसांनी तो गेला. त्याआधी मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं माझा हात धरला. "तुझ्यावर मर्जी झाली, माझ्यावर न्हाई झाली," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं न्हाई, मिस्त्री. मनाला लावून घिऊ नको."

ऐकणारा

माती देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. एक चाक सरळ करायला आलं होतं. मी ते फिरवलं, तार कसली आणि सवयीनं म्हणालो, "बापा."

तिथं कुणी नव्हतं.

हे कसं सांगावं मला कळत नाही. देव माझ्यावर रागावला होता असं नाही. रागावलेला माणूस निदान समोर असतो. मी दिवसभर ते चाक फिरवत राहिलो, गिऱ्हाईक येऊन परत गेलं, चाक काही सरळ होईना. मला वाटलं दोन-चार दिवसांत फरक पडेल. महिने गेले. मी उपास केले, गुडघे टेकले, पवित्र शास्त्रातले उतारे पाठ म्हटले. माझे शब्द मला माझ्याच कानात ऐकू यायचे, पत्र्याखाली बोलल्यासारखे. आजारात मला मरणाची भीती वाटली होती. ही भीती तिच्याहून मोठी होती, आणि तिच्यावर औषध मागायला कुठं जायचं ते मला माहीत असूनही मी गेलो नाही.

दर रविवारी मात्र मी खुर्चीत बसत होतो आणि प्रार्थना करत होतो. मी डोळे मिटले की रूथ मिटत नसे. एकदा मध्येच मी डोळे उघडले तर ती पहिल्या रांगेतून सरळ माझ्याकडं बघत होती. त्यानंतर मी ते शेवटपर्यंत मिटून ठेवायला शिकलो.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितलं त्या दिवशी मी घरी येऊन तिला म्हणालो, "बरा झालो."

"देवानं केलं का?" तिनं विचारलं आणि भाकरी थापत राहिली.

मार्था

यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी गीत संपल्यावर बायकांच्या बाजूनं खोकला आला. कोरडा, दोनदा, मग दाबलेला. मी तो आवाज ओळखला. मान वर करायचं धैर्य झालं नाही.

रूथनं मार्थाला दवाखान्यात नेलं. तोच आजार. गोळ्या मिळाल्या. आठवडा गेला आणि रूथ तिच्या घरून परत आली ती दारातच उभी राहिली.

"पुडी तशीच हाय," ती म्हणाली. "फळीवर त्या बाटलीशेजारी ठिवली. हात लावून न्हाई राहिली. तुमी सांगता का मी सांगू? मी सांगितलं तर मग मी ह्या घरात ऱ्हायची न्हाई."

मी दिवसाउजेडी गेलो. मार्था दारात सूप घेऊन ज्वारी निवडत होती. डोळे आत गेले होते.

"या भाऊजी," ती म्हणाली. "रूथबाईनं धाडलं असंल. तिला सांगा, मला गोळ्या नगत. त्यांनी इश्वास धरून जीव सोडला. मी गोळी खाल्ली तर त्यांचं मरण फुकट गेलं म्हणायचं का?"

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. पाटीतलं रक्त, हिंगोली, डबी, याकोब दुकानावर आला तो दिवस. मी वर्षानुवर्षं ह्या बोलण्याची तयारी करत होतो आणि ते पाच मिनिटांतच संपलं. ती खडे वेचत होती. तिचा हात थांबला नाही.

मग म्हणाली, "छर्रे व्हते?"

"व्हते."

"घरी आले ते हसत व्हते. म्हणले, मार्था, मिस्त्रीचं दुकान बसलं, छर्रे सुदिक ठिवत न्हाई. आपल्याकडचे दोन रुपये देऊन येऊ का त्याला." तिनं एक खडा बाजूला टाकला. "आन ते पिंपाचं सांगत व्हते, माझं सांगत व्हते, तवा तुमी खुर्चीत व्हता."

"व्हय."

"मेले तवर धुंडीत व्हते. माझ्यात काय हाय, माझ्यात काय हाय. मला इचारायचे. मी बी धुंडीत व्हते त्यांच्यात."

तिला खोकला आला. तिनं पदर तोंडावर धरला आणि खूप वेळ वाकून राहिली. पदर काढल्यावर तिनं तो बघितला आणि मलाही दिसू दिला. मग ती उठून आत गेली. मला वाटलं ती बाटली फेकून मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं. तिनं ती आणून माझ्या हातात दिली.

"वता. माझ्यासमोर."

गोळ्या एकमेकींना चिकटून पिवळ्या पडल्या होत्या. बाटली उलटी केली तरी निघेनात. मी काडीनं टोकरून, बोट घालून काढल्या, आणि मोरीत टाकल्या. मार्था दाराला टेकून शेवटची गोळी निघेपर्यंत बघत होती. मग तिनं बाटली स्वतः राखेनं घासली, धुतली, पदरानं पुसली आणि दवाखान्याची पुडी माझ्यापुढं टाकली.

"ह्या हिच्यात भरा. रोज सकाळी तुमी यायचं. तुमच्या हातानं द्यायची. डाक्टर बस म्हणत न्हाई तवर."

"येतो," मी म्हणालो. आणि मग, माझी सवय, "प्रार्थना करू का, मार्था?"

"नगं," ती म्हणाली. "पाणी द्या."

तिनं गोळी गिळली. तेव्हापासून ती मला भाऊजी म्हणत नाही.

खुर्ची

त्या रविवारी मी खुर्चीत बसलो नाही. सणाचं टेबल असतं तिथं उभा राहिलो, कारण खोटी गोष्ट तिथंच सुरू झाली होती. सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "याकोबात काही खोट नव्हती. त्यानं जे धुंडलं ते माझ्यात होतं."

गीत झालं नाही. एक म्हातारी उठून बाहेर गेली. एका जाणत्या माणसानं विचारलं, "मग मिस्त्री, देवानं काहीच केलं न्हाई का?"

"मला औषध दिलं," मी म्हणालो. "दोनदा दिलं. मी एकदा टेबलावर टाकलं आणि एकदा लपवलं."

खुर्ची आता रिकामी असते. पाळक साहेब येतील तेव्हा ठरवतील. हट्ट्याला आणि साखऱ्याला मी जाऊन आलो. साखऱ्याच्या एका घरात मला आत बोलावलं नाही. त्यांच्या अंगणातून खोकल्याचा आवाज येत होता. मी दाराबाहेरूनच ओरडून सांगितलं, गोळ्या घ्या. ऐकलं की नाही माहीत नाही. म्हणून हे लिहिलं.

रोज सकाळी

डॉक्टर म्हणतात उशीर झाला. एक बाजू फार गेली आहे, बघू या. तिला गोळीनं ओकारी होते. काही सकाळी पदर लाल असतो. मी दारात उभा राहतो, ती आतून बाटली आणते, मी एक गोळी तिच्या हातावर ठेवतो. परत येताना मी अजूनही मनात "बापा" म्हणतो आणि अजूनही रस्त्यावर फक्त माझी पावलं वाजतात. पश्चात्ताप केला की देव लगेच शेजारी येऊन बसतो असं मी पूर्वी खुर्चीतून कितीदा सांगितलं होतं. मी आता एवढंच सांगू शकतो की मी दार उघडं ठेवलं आहे.

परवा तिची फार वाईट सकाळ होती. भिंतीला धरून आली. गोळी हातावर घेऊन ती तशीच बघत राहिली. मला वाटलं, आज ही घेणार नाही.

"करा," ती म्हणाली.

"काय?"

"प्रार्थना. पण मनात करा. मला ऐकू आली तर मला खोटीच वाटंल."

मी डोळे मिटले. वर्षानुवर्षं मंडळीसमोर धो धो बोललेला मी, मला एकही वाक्य सुचेना. एकच शब्द होता आणि तोही मी पुरता म्हणू शकलो नाही. कुणी ऐकत होतं का, हे मी सांगणार नाही. माझ्या सांगण्यावर आता कुणी विसंबू नये.

डोळे उघडले तेव्हा मार्था माझ्याकडंच बघत होती. तिनं डोळे मिटले नव्हते. तिनं तोंड उघडून, जीभ बाहेर काढून दाखवलं. गोळी गेली होती.